गहू सुटल्यानंतरचं पोट

गहू सोडला की दुसऱ्या दिवसापासून पोट हलकं होतं, असे व्हिडिओ मोबाईलवर रोज येतात. माझा अनुभव तसा नाही. मला सीलिअ‍ॅक आजार निघाला आणि गहू, जव, रवा, मैदा सगळं कायमचं बंद झालं. काही आठवड्यांत जुलाब थांबले, पण त्यांच्या जागी बद्धकोष्ठ आलं. पोट दगडासारखं. शाळेत पहिल्या तासाला फळ्यासमोर उभं राहणं नको वाटायचं.

कारण साधं होतं. चपाती गेली तसा तिच्यातला चोथाही गेला, आणि ताटात उरला पांढरा भात. आहारतज्ज्ञ बाईंनी ज्वारीची भाकरी सुचवली, पण हळूहळू: आधी अर्धी, आठवड्याने एक. एकदम वाढवली तर गॅस धरतो. सोबत डाळ, पालेभाजी, पेरू आणि भरपूर पाणी. दूधही काही महिने बंद. या आजारात लहान आतड्यातले रसांकुर झिजतात आणि दूध पचवणारा पाचकरस तिथेच तयार होतो. आतडं भरून येईल तसं दूध बहुतेकांना पुन्हा सोसतं, पण मोठ्या माणसाला त्यासाठी वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात.

माझं आजोळ सोलापूरकडचं. तिथे नानीच्या चुलीवर रोज ज्वारीची भाकरी व्हायची. मुंबईत आल्यावर आम्ही पाव आणि रोटीला लागलो, भाकरी गरिबीची खूण ठरली. आता तीच माझं औषध आहे. फक्त ती गिरणीत दळता येत नाही, कारण जात्यात आधीच्या गव्हाचं पीठ राहतं. मी घरीच दळते. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा मैदा असतो, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचते. 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी आणखी एक दार उघडलं: उपवासाचे पदार्थ! राजगिऱ्याचे लाडू, वरीचे तांदूळ, शिंगाड्याचं पीठ. त्यांच्या एकादशीने माझी सेहरी सोपी केली.

खरी परीक्षा दस्तरखानावर होते. मोहरमचा खिचडा गहू-जवाचा, हलीम गव्हाचं, इफ्तारचा समोसा मैद्याचा, शीरखुर्म्यातल्या शेवया गव्हाच्या. आजारी माणसासाठी प्रेमाने आणलेला तलबीनाही जवाचाच. "एका घासाने काय होतंय?", "तबर्रुकला नाही म्हणू नये", असा आग्रह होतो. पण त्या घासाने आतड्याची जखम पुन्हा चिघळते, मग वर पोट दुखो वा न दुखो. आपल्या दीनने आजाऱ्याला रोजासुद्धा पुढे ढकलायची सवलत दिली आहे. मग खिचड्याची सक्ती कुठून आली? ईदला मी तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा करते. मुलं दोनदा मागून घेतात.

काहींना हे नवं फॅड वाटतं. पण विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा आणि या आजाराचा संबंध १९५० सालीच आपल्या प्रबंधात मांडला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धातल्या उपासमारीत, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा त्याचे आजारी बालरुग्ण सुधारल्याचं त्याला दिसलं होतं.

मुलींच्या अम्मी शाळेत भेटल्या की विचारतात, "बाजी, मीपण गहू सोडू का?" मी सांगते, आधी रक्ताची तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केलेली तपासणी फसवू शकते. आजार असून दिसत नाही. आणि आजार नसेल तर रेशनचा गहू सोडून महाग ज्वारी घ्यायची गरज नाही.

पुढच्या दावतीत कोणी पाव बाजूला सारला तर त्याला नखरा म्हणू नका. "तुमच्यासाठी भात वेगळा काढून ठेवू का?" एवढं विचारा. त्या माणसाला पाहुणा असल्यासारखं वाटेल, ओझं असल्यासारखं नाही.