आभाळ आलंया

रोहिणी सरत आल्या की माणदेशात कुणीतरी दुपारी पश्चिमेला बघून म्हणतं, "आभाळ आलंया." आलंय म्हणजे? काल नव्हतं का? असं तिथं कुणी विचारत नाही. आभाळ येतं, दाटतं, वांझोटं निघून जातं. जे कायम वर असतं, ते आभाळ नव्हेच.

भाषेचं मूळही याच बाजूचं. संस्कृतात 'अभ्र' म्हणजे ढग, आणि आपलं आभाळ त्याच्याच पोटचं. तेव्हा 'निरभ्र आभाळ' म्हणजे ढगांवाचूनचा ढग. ही गंमत मला फार आवडते. नभाचंही तेच. 'नभस्' म्हणजे आधी धुकं, बाष्प, ढग. लॅटिनमधला 'नेब्युला' त्याचा दूरचा भाऊ. वैदिक महिन्यांत श्रावणाचं नाव नभस् आणि भाद्रपदाचं नभस्य. वर मान करून पाहणाऱ्या कुण्या पूर्वजाला निळाई नव्हे, आधी पाणी दिसलं. मला तरी ही पहिली प्रार्थना वाटते.

आकाशाची जात वेगळी. त्यात 'काश्' आहे, प्रकाशणं आहे. पंचमहाभूतांत ते सर्वांत सूक्ष्म, आणि शब्द हा त्याचा गुण. वेदान्ती घटाकाशाचा दाखला देतात: घागर फुटली तरी आतलं आकाश कुठं जात नाही, ते मुळात वेगळं नव्हतंच. दाखला सुंदर आहे. पण टँकरच्या वाटेवर ओळीनं मांडलेले हंडे पाहिले की कळतं, आकाश त्यांत काठोकाठ भरलेलंच आहे. उतरायचं राहिलंय ते आभाळ.

स्वर्गाचंही उजेडाशीच नातं. वेदांतलं 'स्वर्' म्हणजे सूर्य, त्याचं तेज. आपल्याकडे माणूस गेला की नावामागे 'कै.' लागतं, वारकरी असेल तर 'वै.', कैलास असो की वैकुंठ, पत्ता वरचाच.

आणि अस्मान. फारसीतून आलं आणि इथल्या मातीत असं मुरलं की दुष्काळाला दुसरं नावच उरलं नाही: अस्मानी. राजाचा जुलूम तो सुलतानी, वरून कोसळतो तो अस्मानी. प्राचीन इराणी भाषेत 'अस्मन्' म्हणजे आकाश आणि दगडही. संस्कृतातला 'अश्मन्', पाषाण, त्याचाच सख्खा. दगडाचं आकाश कुणाला कसं सुचलं असेल, हे चैत्र-वैशाखात म्हसवड-दहिवडीच्या माळावर उभं राहिलं की विचारावं लागत नाही. १९७२ साल पाहिलेली माणसं तर त्या दगडाखाली जगली. खडी फोडत, सुकडी खात.

म्हसवड-दहिवडी ज्या सातारा जिल्ह्यात, त्याच्याच दुसऱ्या टोकाला महाबळेश्वर. वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथं आभाळ वर नसतंच. ते दारातून आत येतं, वाळत घातलेल्या कपड्यांत, पुस्तकांत बसून राहतं. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्री चढताना थंड होतो, तिथंच रिता होतो, आणि घाट उतरता उतरता त्याची ओल विरत जाते. माणदेशाच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटर, तेही भरवशाचं नाही. डोंगराच्या या पाठीला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा एरवी किती मायेचा शब्द!

ऋग्वेदात द्यावापृथिवी हे जोडनाव आहे, आकाश बाप आणि धरती आई. माणदेशात हा बाप उशिरा घरी येतो. मृग कोरडा जातो, आर्द्रा हुलकावणी देतात. खरा भरवसा परतीच्या पावसाचा, उत्तरा-हस्ताचा. भाद्रपद निम्मा सरला की दिवसभराच्या उकाड्यानंतर दुपारी ढग चढू लागतात, विजा कडाडतात, आणि तासाभरात ओढे तांबडे होऊन धावतात. पाभरी तयारच असतात. वाफसा आला की त्या ओलीवर शाळू पेरायचा.