हुकूम हिंदीत, कुरकुर मराठीत

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. नेकनूरची ओळख तशी नाही. बीडहून मांजरसुंब्याला येऊन केजच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं, आणि ते माहीत आहे जनावरांच्या बाजारासाठी, बंकटस्वामी महाराजांच्या मठासाठी. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आज मात्र पहाटे रस्त्याच्या कडेनं पोरं पळताना दिसतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, मग बीमवर दहा पुलअप. जमणाऱ्यांतला एखादा भरती होतो, आणि पहिल्या सुट्टीवर येतो तेव्हा त्याच्या तोंडी एक वेगळीच बोली असते.

पलटणीत तो शिपाई असतो, पण एसटीतून उतरला की गाव त्याला ‘मेजर’ म्हणतं. “या मेजर, कधी आलात?” टपरीवरचा चहा हातात येण्याआधीच दुसरा प्रश्न येतो, “मग आता परत कधी?” विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण छुट्टीचे दिवस बोटांवर मोजणाऱ्याला तो प्रश्न बोचतो, आणि बराकीत परतल्यावर तो याच प्रश्नाची नक्कल करून सगळ्यांना हसवतो.

त्याच्या बोलण्यात जेवण लंगरमध्ये असतं, बंदूक कोतमध्ये, पाठीवर पिट्ठू, आणि चूक झाली की रगडा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाला तर सारी फौज प्रेमानं ‘गणपत’ म्हणते. 1768 पासूनची ही पलटण, तिचं केंद्र बेळगावला. तिथंही हुकूम हिंदीत सुटतो. कुरकुर मात्र मराठीतच होते, आणि ती बहुतेक वेळा विनोदाच्या अंगानं जाते.

सगळ्या पलटणींत सांगितली जाते अशी एक गोष्ट वेळेची. मोठ्या साहेबानं सांगितलं, आठला परेड. कंपनी कमांडर म्हणाला, पावणेआठला हजर. सुभेदारसाहेबांनी ते साडेसात केलं, हवालदारानं सात, नायकानं साडेसहा. शिपाई बिचारा पाच वाजल्यापासून बूट चमकवून थंडीत उभा. आणि साहेब येतात नऊला. दुसरी गोष्ट एमआय रूमची, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याची. गुडघा धरून गेलेल्या जवानाला एकच गोळी मिळते, ती मोडून दिलेली: अर्धी गुडघ्यासाठी आणि उरलेली अर्धी उद्या डोकं दुखलं तर. ऐकणारे पोट धरून हसतात. सांगणारा एका हातानं गुडघा चोळत असतो, तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

फौजेत उलट उत्तर नाही. थकलो म्हणायचं नाही, घरची आठवण येते हे तर मुळीच नाही. मग माणूस ते थट्टेत गुंडाळून शेजारच्या खाटेवरच्याला देतो. हा विनोद म्हणजे त्याचा एकमेव तक्रारअर्ज आहे, असं मी मनापासून मानतो. तो वर जात नाही, आडवा जातो, आणि शेजारच्यानं हसून तो मंजूर केला की रात्र निघते.

बीडच्या पोरांची खास थट्टा रेल्वेवर होती. नगर–बीड–परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाला 1995 साली मंजुरी मिळाली, आणि बीडला पहिली गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर वॉरंटवर, म्हणजे फौजेनं दिलेल्या रेल्वे पासावर, आलेल्या जवानानं नगरला नाहीतर परळीला उतरायचं, डोक्यावर काळी पेटी घ्यायची आणि एसटीची वाट बघत बसायचं. “वॉरंट परळीपर्यंत, पुढं नशिबापर्यंत,” असं म्हणत तो घरी पोचायचा.

त्या घरात थोरला कारखान्याच्या फडावर ऊस तोडून आलेला असतो. दोघे भाऊ ओट्यावर बसतात. एक सांगतो, रात्री दोनला संतरी ड्युटी. दुसरा सांगतो, रात्री दोनला गाडी आली की मोळ्या भरायला उठायचं. एक हवालदाराची नक्कल करतो, दुसरा मुकादमाची. आई आतून विचारते, “तिकडं जेवाया बरं मिळतं का रं?” आणि दोघे एकदमच म्हणतात, “लई बेस.” लेक नेमका कुठं आहे, हे तिला पत्त्यावरून काहीच कळत नाही. एके काळी तर पाकिटावर गावाच्या जागी नुसतं लष्करी टपालाचं ‘56 एपीओ’ असायचं. लेक बर्फात आहे की वाळवंटात, ते त्या आकड्यात कुठं दिसणार?

2022 पासून अग्निवीर आले. नोकरी चार वर्षांची, सुट्टी वर्षाला तीस दिवस, पुढं कायम होणार शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस. त्यांच्या थट्टेत आता ‘चार वर्षं’ हा नवा विषय आला आहे, आणि तो ऐकताना मला हसू येत नाही.

यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीतल्या दोघांना दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे इतिहासात आहे आणि असायलाच हवं. त्या खंदकात डाळीला ते काय नाव ठेवत होते, हे कुणी लिहून ठेवलं नाही. 1971 ची लढाई लढलेले आता सत्तरी ओलांडून गेलेत. तुमच्या गावात असा एखादा मेजर असेल, तर त्याला लढाईआधी लंगरचं विचारा, रगड्याचं विचारा, कापल्या गेलेल्या छुट्टीचं विचारा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.