जरासं दुखतंय

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचं दुखण्याचं माप फार लहान असतं. 'कसंतरी होतंय', 'पोट जड वाटतंय', 'वायू धरलाय', यापुढे त्या जातच नाहीत. त्यात दशलक्षणाचे दिवस असले की सगळा दोष उपवासावर जातो, आणि औषध म्हणजे ओवा नि सैंधव मीठ.

माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या असताना असंच झालं. एकाशनं चालू होती. दोनदा उलटी झाली. जवळच्या एका दवाखान्यात 'पित्त आहे' म्हणून गोळ्या दिल्या. पोट तपासलं ते साडीवरूनच. ताप नव्हता. दोन दिवस संडास झाली नव्हती, म्हणून शेजारच्या काकू एरंडेल घेऊन आल्या. पण सासूबाईंनी सकाळी जपमाळ हातात घेतली नाही. हे मला काही बरं दिसेना. एरंडेल बाजूला ठेवलं आणि रिक्षा बोलावली.

सर्जन बाई होत्या, ते एक बरं झालं. त्यांनी पहिलंच विचारलं, "आजी, वारा सरतोय का?" सासूबाई अशा लाजल्या, की जणू नव्या नवरीला विचारलं! वारा कालपासून सरत नव्हता. मग बाईंनी आमच्या यांना बाहेर काढलं, परकराची नाडी सैल करायला लावली आणि जांघेच्या खाली बघितलं. तिथे सुपारीएवढी गाठ होती.

"ही कधीपासून?"

"झाली की चार वर्षं. दुखत नव्हती, मग कुणाला दाखवायची?"

हर्निया म्हटलं की आपल्याला पुरुषच आठवतात. जांघेच्या जरा खाली येणारा हा हर्निया मात्र बायकांमध्ये जास्त दिसतो, त्यातही वय झालेल्या, हडकुळ्या बायकांमध्ये. त्याचं तोंड अरुंद असतं. आतडं त्यात अडकलं की रक्त तुटतं. गाठ फारशी दुखत नाही. पोट फुगतं, उलट्या होतात, आणि सगळे म्हणतात पित्त. अशा वेळी जुलाबाचं औषध पोटात गेलं तर उलट घातच.

त्याच रात्री ऑपरेशन झालं. चार बोटं आतडं काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. तोंडाने पाणीसुद्धा बंद म्हटल्यावर सासूबाईंना केवढं समाधान! रात्रीचा नेम मोडला नाही ना!

पुढे टाके काढायला गेलो तेव्हा मी बाईंना खोदून खोदून विचारलं. म्हाताऱ्या माणसाचं पोट खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आत अपेंडिक्स फुटलं तरी ताप येईलच असं नाही, रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढतीलच असं नाही. पोटाचे स्नायू पातळ झालेले, म्हणून पोट लाकडासारखं कडक लागत नाही. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. गुडघ्यासाठी रोज खाल्लेल्या गोळ्यांनी पोटात जखम होते, आणि ती फुटली तरी दुखणं बेताचंच. शुगर असलेल्या बाईचं बेंबीच्या वरचं दुखणं कधीकधी हृदयाचं निघतं, म्हणून आधी ई.सी.जी. नाडी वेडीवाकडी चालणाऱ्या माणसाच्या पोटात एकदम भयंकर कळ आली आणि पोट दाबल्यावर मऊच लागलं, तर आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका घ्यायची. तिथे तासांचा हिशोब असतो. आणि कित्येकदा नुसती लघवी तुंबलेली असते! सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या, हेही त्यांनी सांगितलं.

परवा निपाणीच्या मावशींचा फोन आला. पोट जरासं दुखतंय म्हणाल्या. मी विचारलं, "मावशी, वारा सरतोय? जांघेत गाठबिठ आहे का, बघा बघू."

"शी! काय गं बोलतेस फोनवर!"

पण फोन खाली ठेवून बघून आल्या. गाठ नव्हती.

"बरं," मी म्हटलं, "आता पोरग्याला फोन द्या. गाडी काढायला सांगते."