बरोबरीचा निवाडा

निवृत्तीनंतर परभणीत आमच्याजवळ वेळ पुष्कळ असतो. परगावी असलेल्या नातवंडांजवळ मात्र तो नसतो. त्यांच्याशी बोलावयास सामाईक विषय हवा. आमच्या घरी तो इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर आधारलेल्या फँटसी फुटबॉलने पुरवला. हा खेळ विनामूल्य असून आम्ही त्यात पैसे लावत नाही. काल्पनिक रकमेतून पंधरा खेळाडू निवडायचे. प्रत्यक्ष सामन्यांतील त्यांच्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. शनिवारच्या फेरीचा संघ बहुधा दुपारच्या चहाच्या सुमारास पक्का करावा लागतो, त्यामुळे आम्हा वृद्धांच्या झोपेला बाधा येत नाही.

गेल्या हंगामाअखेर पुण्याचा नातू आणि नांदेडची नात यांचे गुण अगदी समान झाले. अशा वेळी ज्याने हंगामात कमी खेळाडू बदलले तो वरचा, असा खेळाचा नियम आहे. त्यानुसार नातू वर आला. अधिक आठवडे आपण अव्वल होतो, तेव्हा मान आपलाच, असे नातीचे म्हणणे. दोघांतला अबोला वाढला आणि शेवटी "आबा, तुम्हीच सांगा" असा निरोप आला.

मी त्यांना दोन निवाड्यांची आठवण दिली. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक आणि केलेले गोल सारखेच होते. आपसातला सामनाही २-२ असा सुटला होता. अखेर पिवळी कार्डे मोजली गेली. जपानची चार आणि सेनेगलची सहा. जपान पुढे गेला. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड या दोघांच्याही २४१ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही प्रत्येकी १५. मग २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंड विजयी ठरले. हा नियम अनेकांना खटकला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो बदलला. तथापि इंग्लंडचा चषक कोणी परत मागितला नाही. निकाल आधीच्या नियमाने, सुधारणा पुढल्या वेळेसाठी. नातीला ते रुचले नाही, पण पटले.

हे विस्ताराने लिहिण्याचे कारण असे, की अशीच बरोबरी पुढे आमच्या घरात उभी राहिली. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्वरित करावी, असे मुलाचे मत. तूर्त थांबावे, असे मुलीचे. माया दोघांची सारखी, युक्तिवादही तुल्यबळ. बहीण-भावंडांत तुटक बोलणे सुरू झाले आणि जिचा गुडघा दुखत होता, ती मात्र गप्प बसली.

मग आम्ही चौघांनी एकत्र बसून वहीत क्रम लिहिला. पहिला शब्द रुग्णाचा. तिचा निर्णय होत नसेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला, आवश्यक तर दुसऱ्या डॉक्टरांचाही. तरीही मते समसमान राहिली, तर रोजची शुश्रूषा करणाऱ्याचे मत वरचढ. कारण रात्री उठावे त्यालाच लागते. क्रम लिहून झाल्यावर पत्नीला विचारले. "तीन महिने व्यायाम करते, मग पाहू," ती म्हणाली. डॉक्टरांनीही ते मान्य केले. पुढच्या दोन नियमांची गरजच पडली नाही.

गुडघ्याने आम्हांला विचारास सवड दिली. पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका ती देत नाही. आणि ऐन प्रसंगी जो तो आपल्या मताला सोयीचा नियम शोधतो. म्हणून प्रकृती ठीक असतानाच हा क्रम लिहावा, मुलांना वाचून दाखवावा आणि आपल्याला बोलता आले नाही तर आपल्या वतीने कोणी बोलावे, तेही त्यात नोंदवावे. अशा पूर्वसूचनापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली असून २०२३ पासून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करता येते. आमची वही औषधांच्या डब्याशेजारी ठेवलेली असते. तिच्या शेवटच्या पानावर नव्या हंगामाचे नियम नातीने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहेत.