खोगीरभरती आणि जिंजीची वाट

“अहो, थांबा! आता एक फर्लांगही पुढे नको!”

चेन्नईहून महाबलीपुरमला जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर, कोवळमच्या जरा अलीकडे, मी मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून ओरडले. ह्यांनी घाबरून गाडी कडेला घेतली. मी उतरले खरी, पण उजवा पाय आपला आहे की परका, तेच कळेना. कंबर धरलेली, मांडीला मुंग्या आलेल्या. समोर निळाशार समुद्र, सुरूची झाडे, रस्त्याकडेला शहाळीवाला. सगळे चित्रासारखे होते आणि मी वाळूत बसून पाय चोळत होते.

शहाळे पिऊन कशीबशी महाबलीपुरमपर्यंत गेले. किनाऱ्यावरचे देऊळ पाहिले, पण लक्ष सगळे परतीच्या प्रवासाकडे. शेवटी मी बसने घरी आले आणि हे एकटेच गाडीवरून. त्या रात्री जेवताना ह्यांनी शांतपणे सांगून टाकले, “गाडी विकून टाकू. पन्नाशीनंतर हे काही आपले काम नाही.”

मला ते फार लागले. लग्नानंतर कोल्हापूरहून पन्हाळ्याला आम्ही पहिल्यांदा गेलो ते मोटारसायकलवरूनच. बदलीनिमित्ताने चेन्नईत आलो, मुले आपापल्या वाटेला लागली, घरात दोघेच उरलो. आता कुठे मोकळेपणाने फिरायचे दिवस आले होते. शिवाय एक बेत मनात घर करून बसला होता. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूत, आमच्या घरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. तो म्हणजे जिंजी. तिथे गाडीवरूनच जायचे, असे आम्ही ठरवले होते.

“गाडी म्हातारी झाली नाही, आणि आपणही नाही,” मी म्हणाले. “आधी ती सीट बदलून पाहू.”

मऊ म्हणजे सुखाची नव्हे

पहिली चूक मीच केली. घराजवळच्या एका दुकानात टांगलेली जाडजूड, गुबगुबीत सीट पाहिली, हाताने दाबली आणि लगेच पसंत केली. गादीसारखी मऊ! घरी येईपर्यंत मी स्वतःवर खूश होते. पण पुढच्या रविवारी तासाभरात पुन्हा तेच रडगाणे. उलट त्रास थोडा वाढलाच.

आपल्या मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द आहे. घोड्याच्या खोगिरात काहीबाही कोंबून ते फुगवायचे, त्यावरून तो आला. मी अगदी तेच केले होते. सीट फुगलेली होती, पण भार पेलणारे आत काहीच नव्हते.

ह्यांच्या ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याने सल्ला दिला, “जीपी रोडला जा.” म्हणजे जनरल पॅटर्स रोड. अण्णा सालैला, म्हणजे जुन्या माउंट रोडला, लागून असलेला हा रस्ता गाड्यांच्या सामानासाठी चेन्नईभर प्रसिद्ध आहे. आरसे, दिवे, हॉर्न, सीट कव्हर यांची दुकाने एकाला एक चिकटून. जवळच पुदुपेट्टैमध्ये जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो.

या शहराला चाकांचे वेड जुनेच. 1840 मध्ये सुरू झालेली इथली सिम्पसन कंपनी आधी घोडागाड्या बांधत असे. 1955 मध्ये मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रॉयल एनफील्डशी भागीदारी केली आणि पुढे शहराच्या उत्तरेला तिरुवोट्टियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. घोड्याचे खोगीर गेले, मोटारसायकलची सीट आली. बसणाऱ्याची कंबर मात्र तीच राहिली!

“उक्कारुंगम्मा!”

जीपी रोडवरच्या एका अरुंद दुकानात एक वयस्क कारागीर खाली मांडी घालून फोम कापत बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात लांब पात्याची सुरी. ह्यांनी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये आमची कहाणी सांगितली. म्हाताऱ्यांनी आमची नवी सीट हातात घेतली, मूठ वळून बोटांची पेरे तिच्यात जोराने रुतवली आणि हसले. मग माझा हात धरायला लावून मलाही तसेच करायला सांगितले. पेरे थेट खालच्या कडक तळाला जाऊन टेकली.

“तुमची हाडेही तिथेच टेकतात,” त्यांनी हिंदी-तमिळ मिसळून समजावले.

मग सगळा उलगडा झाला. आपण बसतो तेव्हा बराचसा भार कमरेखालच्या दोन हाडांवर येतो. फोम फार मऊ असेल तर पहिली पाच मिनिटे स्वर्ग वाटतो. पुढे तो दबत जातो, हाडे तळाला टेकतात आणि बाजूचा फोम वर येऊन मांड्यांना काचतो. रक्ताभिसरण अडते, मुंग्या येतात. म्हणून चांगल्या सीटमध्ये खालचा थर घट्ट आणि वरचा पातळ थर मऊ असतो. दुकानात किंचित कडक वाटणारी सीट शंभर किलोमीटरनंतर मैत्रीण ठरते.

दुसरी गोष्ट उताराची. आमची सीट पुढे उतरती होती. ब्रेक लागला की मी ह्यांच्या पाठीवर आणि हे टाकीवर! सगळा भार मनगटांवर यायचा. सीट जवळजवळ सपाट हवी, मागे किंचित उंचवटा असला की कमरेला आधार मिळतो. रुंदीचेही तसेच. बसायच्या जागी ती ऐसपैस हवी, पण पुढे टाकीजवळ निमुळती, नाहीतर सिग्नलला चालवणाऱ्याचे पाय जमिनीला पोचत नाहीत. उंची वाढवताना तर हे आधी तपासावे. गुडघ्यांना मोकळे वाटावे म्हणून इंचभर फोम चढवला आणि गाडी उभी करताना तोल गेला, असे व्हायला नको.

मी मधेच जेलच्या गादीबद्दल विचारले, कारण शेजारणीच्या मुलाने ती घेतली होती. जेलने भार पसरतो हे खरे, पण उन्हात उभ्या गाडीवर ती तापते आणि लवकर निवत नाही. चेन्नईच्या मे महिन्यात हा विचार करायलाच हवा. हवा भरायची गादी चांगली, पण ती फुग्यासारखी ताठ भरायची नाही. हाडे तळापासून जेमतेम उचलली जातील एवढीच हवा पुरे.

कव्हर निवडताना मी रंगाकडे पाहत होते, म्हाताऱ्यांनी शिवण दाखवली. नेमकी बसायच्या जागी शिवण आली तर ती टोचते आणि पावसात टाक्यांतून पाणी फोममध्ये मुरते. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. ओला स्पंज घेऊन कोण फिरणार? रेक्झिन फार गुळगुळीतही नको. घसरू नये म्हणून आपण नकळत अंग आखडून बसतो आणि पाठ दुखते.

मागच्या सीटचा मान

हे सगळे झाल्यावर कारागिरांनी ह्यांना बाजूला सारले आणि मला म्हणाले, “उक्कारुंगम्मा!” म्हणजे, बसा अम्मा.

खरे सांगते, इतक्या वर्षांत मोटारसायकलच्या बाबतीत मला कुणी आधी बसवले नव्हते. गाडी घेताना मायलेज पाहतात, रंग पाहतात, पुढचा माणूस ऐटीत बसून पाहतो. मागे बसणारीला विचारतो कोण? खरे तर तिला जास्त सोसावे लागते. तिच्या हातात हँडल नसते, पुढचा खड्डा तिला दिसत नाही, धक्का अचानक बसतो.

मी साडीत एका बाजूला बसले. म्हाताऱ्यांनी मान हलवली. एका कुशीवर बसले की सगळा भार एकाच हाडावर येतो आणि कणा पिळला जातो. बाजारहाटाला ठीक, लांबच्या वाटेला नाही. त्यावर कुठल्याही सीटचा इलाज चालत नाही. मग मी निश्चय केला. दूरच्या प्रवासाला सलवार-कमीज आणि दोन्ही बाजूंना पाय. पहिल्या दिवशी सोसायटीच्या फाटकातून जाताना लाजल्यासारखे झाले. वॉचमनने नुसता सलाम केला, एवढेच!

मागच्या पायटेकूंची उंचीही पाहिली. पाय लोंबकळले की मांडीवर ताण येतो, गुडघे फार वर आले की सगळा भार मागे जातो. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायटेकू आणि मागच्या चाकावर कपडे अडकू नयेत असे संरक्षण असलेच पाहिजे, असे 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियमही सांगतात. आमच्या गाडीचा साडीगार्ड ह्यांनी मधल्या काळात ‘शोभत नाही’ म्हणून काढून ठेवला होता. तो माळ्यावरून खाली आला. ओढणी, पदर, गजऱ्याची लोंबती माळ, सगळे नीट खोचूनच गाडीवर बसावे. यात हयगय नको.

दुपारपर्यंत सीट तयार झाली. जुन्याच तळावर घट्ट फोम, वर मऊ पातळ थर, करड्या रंगाचे खरखरीत कव्हर. कारागिरांनी पैसे घेण्याआधी अट घातली, “अर्धा तास फिरून या.” आम्ही मरीना किनाऱ्यावरून चक्कर मारून आलो. मला डावीकडे किंचित उंच वाटत होते. त्यांनी कव्हर काढून तेवढाच भाग घासून दिला. सीट डोळ्यांनी नव्हे, बसून निवडायची, आणि तीही दोघांनी बसून, हे मी त्या दिवशी शिकले.

जिंजीच्या पायथ्याशी

पोंगल झाला, हवा जरा निवली आणि आम्ही एका शनिवारी पहाटे निघालो. तांबरम, चेंगलपट्टू करत मधुरांतकमला पोचलो. तिथल्या विस्तीर्ण तलावाचे रक्षण करणाऱ्या रामाचे देऊळ आहे. दर्शन घेतले, इडली आणि फिल्टर कॉफी घेतली. सीट कितीही चांगली असो, दर तासाला उतरून चार पावले चालायचे, हा नियम आम्ही काटेकोर पाळला. तिंडिवनमला महामार्ग सोडला आणि थोड्याच वेळात माळावर एकावर एक रचल्यासारखे प्रचंड दगड दिसू लागले. त्यांच्या मागे राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट. हीच जिंजी!

मी गाडीवरून उतरले. सरळ उभी राहिले. पाय माझेच होते!

1677 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. 1689 मध्ये पन्हाळ्याहून वेषांतर करून निघालेले राजाराम महाराज इथेच आले आणि मोगलांचा सुमारे आठ वर्षांचा वेढा सोसत इथूनच स्वराज्याचा कारभार चालला. आम्ही कल्याण महाल पाहिला, मोठाली धान्यकोठारे पाहिली. मग माकडांपासून पिशवी सांभाळत, धापा टाकत राजगिरी चढलो. वरच्या घळीवरचा छोटा पूल ओलांडताना ह्यांनी माझा हात धरला. पन्हाळ्यापासून इथपर्यंत घोड्यावरून, जंगलातून, शत्रू मागे असताना आलेल्या त्या माणसांचा विचार मनात आला आणि माझ्या कोवळमच्या आरड्याओरड्याचे मलाच हसू आले.

संध्याकाळी खाली आलो तेव्हा हे फडक्याने सीट पुसत होते. गाडी विकण्याचा विषय त्या दिवसापासून निघालेला नाही.

“तंजावर इथून किती लांब गं?” ह्यांनी विचारले.

“चेन्नईहून साडेतीनशे किलोमीटर तरी असेल. सरस्वती महाल ग्रंथालय पाहायचेच आहे मला,” मी म्हणाले. “पण वाटेत एक मुक्काम हवा. सीट नवी आहे, कंबर जुनीच!”