बर्फ थांबल्यानंतरची पहिली सकाळ

चि. दादू,

तीन दिवस बर्फ पडणार, मग आभाळ उघडणार आणि त्याच सकाळी गोंडोला केबलकारनं गुलमर्गच्या अफरवट शिखरावर जाऊन तुम्ही आखलेल्या उतारांच्या दोरीपलीकडच्या ताज्या बर्फात स्कीनं उतरणार, हा तुमचा बेत वाचला. गुलमर्गला जरूर जा. मला काळजी आहे ती फक्त त्या पहिल्या सकाळची.

सह्याद्रीत पाऊस ओसरला की ओढा उतरतो, कातळ वाळतो, वाट मोकळी होते. आपल्या अंगात ती सवय मुरलेली आहे. बर्फाचं तसं नाही. पडायचा थांबला तरी त्याचं ओझं उतारावरच असतं, आणि खालच्या थरांना ते पेलेल की नाही याचा निकाल लागायला वेळ जातो.

त्यातून वारा. किती फूट पडला हे सगळे विचारतात. वारा कुठून वाहिला हे तू विचार. तो डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतो, आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगानं. गावात फूटभर पडलेला असताना वरच्या घळीत पुरुषभर साचलेला असू शकतो. तिथे वारा बहुधा पश्चिमेचा, आणि अफरवटचा गुलमर्गकडचा उतार त्याच्या आडोशाला. वाऱ्यानं कण मोडतात, घट्ट बसतात, त्यांचा एकसंध पाट होतो. पायाखाली तो भरवशाचा वाटतो, हीच खरी फसगत. खाली हिवाळ्याच्या सुरुवातीचा, कोरड्या थंडीत रवाळ झालेला थर असला, तर तो पाट जाड्या रव्यावर ठेवलेल्या फरशीसारखा असतो. तुझ्या वजनानं खालचा थर खचतो, चीर क्षणात उतारभर धावते, आणि ती फुटते तुझ्या वरच्या अंगाला. माणसं सापडतात त्या दहा हिमस्खलनांपैकी साधारण नऊ त्यांच्यापैकीच कुणीतरी सोडलेली असतात. बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर, म्हणजे नेमक्या तुम्हाला हव्या असलेल्या उतारांवर.

1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. 2024 चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, फेब्रुवारीत भरपूर बर्फ आला, आणि 22 तारखेला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन तरुण गेला. त्याच खिलनमर्गला 8 फेब्रुवारी 2010 रोजी सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान गेले. बर्फात वावरण्याचंच शिक्षण घेणारी माणसं होती ती, दादू. तुमच्यातला कोण किती चांगला स्की करतो, याच्याशी उताराला काही देणंघेणं नाही. आपल्याआधी कुणी उतरून गेल्याच्या खुणा दिसल्या, म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, हेही ध्यानात ठेव. पाचवा माणूस बर्फ पातळ असलेल्या जागी वळला आणि तिथून पाट सुटला, असं होतं.

म्हणून पहिला दिवस, शक्य तर दुसराही, कोंगदूरीजवळच्या आखलेल्या उतारांवरच काढा. चंदीगडच्या डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज बघा. वाटाड्या स्थानिकच घ्या, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर पैसे दिलेत म्हणून हुज्जत घालू नका. बर्फातून ‘धप्’ असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून चीर पळाली, तर तिथूनच मागे फिरा. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे बाजूला, सुरक्षित जागी.

गाडलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक वेळा तो वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. एवढ्या वेळात खालून मदत पोचत नाही, सोबत्यांनीच खणायचं असतं. सिग्नल देणारा बीकन, बर्फात खुपसून शोधायची प्रोब काठी आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, एकात तिघांचं भागत नाही. भाड्यानं घ्याल तेव्हा बॅटरी तपासा. बीकनजवळ मोबाइल ठेवू नका, त्यानं सिग्नल बिघडतो.

तुझ्या आईला यातलं काही मी सांगितलेलं नाही. गुलमर्गला पोचल्यावर सपाटीवर एक बीकन पुरून तो शोधायचा सराव करा, आणि किती मिनिटं लागली ते मला त्याच संध्याकाळी फोन करून सांग.

तुझी,
मावशी