कोणत्या गावचे?

२०१७ साली शेतकी अभ्यासदौऱ्याच्या निमित्ताने मला जपानला जायची संधी मिळाली. निघताना सौभाग्यवतींनी घरच्या नागलीच्या पापडांची पुडी बांधून दिली. मी म्हटले, "अगं, परदेशात असले काय न्यायचे?" पुडी घरीच राहिली. मुंबईच्या विमानतळावर मी मिठाईचा एक चकचकीत डबा घेतला.

आमचा मुक्काम क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतात होता. तिथे ओयामा नावाचे डोंगराळ गाव आहे. भाताला सपाट जमीन थोडी, तरी त्या काळी सरकारचा आग्रह भात वाढवण्याचाच. गावचे प्रमुख हारुमी याहाता यांनी १९६१ साली वेगळी वाट धरली. उतारावर उमे आणि चेस्टनटची झाडे लावायची. घोषणा काय, तर "उमे-चेस्टनट लावू या, हवाईला जाऊ या!" लोक हसले असतील, पण पुढे तिथले शेतकरी खरोखरच हवाई बेटे पाहून आले. हा अनुभव समोर ठेवून प्रांताचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी १९७९ साली 'एक गाव, एक उत्पादन' ही चळवळ सुरू केली. कुठे वाळवलेली शिताके अळिंबी, कुठे काबोसु नावाचे लिंबू. ज्या गावचे जे, ते त्याने नावारूपाला आणायचे.

आमच्यातल्या एकाने सवयीने विचारले, "अनुदान किती?" उत्तर मिळाले, मालासाठी थेट पैसे दिले नाहीत, प्रशिक्षण, संशोधन आणि विक्रीला मदत केली. तीस वर्षे योजनांचे अर्ज भरून घेणारा मी गप्प बसलो.

दुपारी एका शेतकऱ्याच्या घरी जेवण होते. उमे हे जर्दाळूच्या कुळातले आंबट फळ. ते मिठात मुरवायचे, पावसाळा संपला की तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवायचे. तेल नाही, मोहरी नाही. शिसो नावाच्या पानांनी त्याला लाल रंग येतो. झाले उमेबोशी. भाताबरोबर एक फळ पुरते आणि नीट ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते. घरच्या आजीबाईंनी आपल्या हातची बरणी माझ्या हाती दिली. मी मिठाईचा डबा पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, निरखून पाहिला आणि दुभाष्यामार्फत विचारले, "हे तुमच्या गावचे का?"

मला उत्तर देता आले नाही.

तिकडे प्रवासाहून परतणारा माणूस घरच्यांना आणि कचेरीतल्या सोबत्यांना त्या-त्या ठिकाणचा खाऊ आणतो. त्याला ओमियागे म्हणतात. वड्या एकेक वेगळ्या गुंडाळलेल्या, म्हणजे वाटायला सोप्या. वेष्टनावर ठिकाणाचे नाव. बेप्पू या गरम झऱ्यांच्या गावी तर बुरूडकाम याच रीतीने वाढले. झऱ्यावर दिवसेंदिवस मुक्काम करणारे लोक स्वयंपाकासाठी बांबूच्या टोपल्या घेत आणि जाताना भेट म्हणून घरी नेत. तिथे बांबू उकळून त्यातले तेल काढतात व उन्हात वाळवतात. मग त्याला हस्तिदंती रंग चढतो. १९६७ साली बेप्पूच्या शोनो शोउन्साई यांना सरकारने जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला. तो बुरूडकामाला मिळालेला असा पहिला मान.

मी तिथून एक छोटी टोपली घेतली. घरी आल्यावर सौभाग्यवतींना आजीबाईंचा प्रश्न सांगितला. त्या एवढेच म्हणाल्या, "पुडी तिथेच फडताळात आहे."

वाचक भगिनींनो, ज्या घरांत मी खताची मात्रा सांगायला वर्षानुवर्षे गेलो, तिथे पानात वाढलेले पापड, कुरडया मी चवीने खाल्ल्या. ते विकता येतील का, त्यांवर गावाचे नाव घालता येईल का, हे मात्र कधी विचारले नाही. एकरी उतारा वाढवणे एवढेच माझे काम, असे मी धरून चाललो. आता निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत. हल्ली गावच्या बैठकीत मी पहिला प्रश्न बायकांना विचारतो, "तुमच्या घरचे पाहुणे काय मागून नेतात?" सुरुवातीला त्या लाजतात. मग एकदम चौघी बोलू लागतात, आणि मी ते वहीत लिहून घेतो.

जपानची टोपली आमच्या स्वयंपाकघरात आहे. तिच्यात नागलीचे पापड असतात.